एकादशीची थरथरी

मुक्ताबाईंनी रिकामी वाटी पुढे केली, तेव्हा अश्विनीला वाटलं, विसळायला देतायत. ती घ्यायला वाकली, तर सासूबाईंनी वाटी सोडलीच नाही.

"आनखी हाय का?" त्यांनी विचारलं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत अश्विनीनं या बाईंसाठी काय काय रांधलं, त्याची मोजदाद करायची सोय नाही. हुलग्याच्या शेंगोळ्या टोमॅटोच्या रश्शात घालून त्याचा पास्ता केला. भोपळ्याच्या घारग्यांचं पीठ डब्यात वाफवून त्याचा केक केला. शेपूच्या मुटक्यांवर चीज किसून घातलं, तेव्हा तर शेपू आणि चीज दोघंही बिचारे संकोचले असतील. मुक्ताबाई सगळं खात. पानात टाकायचं नाही हा त्यांचा नेम. पण खाऊन झाल्यावर एकच शब्द, "बरंय." फार झालं तर, "बरं झालंय." त्या 'झालंय'वर अश्विनी आठवडाभर खूश असायची.

आणि आज या बाई दुसऱ्यांदा मागत होत्या, तेही एकादशीच्या दिवशी.

झालं असं होतं की गावाकडून धाकट्या दिरानं, सूर्यभाननं, जीपवाल्याबरोबर टोपलीभर सीताफळं धाडली होती. बांधावरची, डोळे उघडलेली, आज खाल्ली नाहीत तर उद्या फेकायची अशी. दिवाळीच्या आधीची एकादशी. मुक्ताबाई माळकरी, त्यांचा उपास. साबुदाणा त्यांना बाधायचा, भगर रोजचीच. अश्विनीनं मनाशी हिशेब मांडला: दूध उपासाला चालतं, साखर चालते, सीताफळ चालतं, वेलची चालते. मग दूध आटवून, निववून, त्यात गर कालवला. गरम दुधात सीताफळ घातलं की कडवट होतं, हे तिला आईनं शिकवलेलं. मिश्रण वाट्यांत ओतून फ्रीजमध्ये घट्ट केलं आणि एक वाटी ताटलीत उपडी घातली. ताटली हलवली की अख्खा गोळा अंगभर थरथरायचा. पाच वर्षांची निकिता टाळ्या पिटत ओरडली, "थरथरी!" आणि त्या पदार्थाचं बारसं झालं.

"लई ग्वाड," मुक्ताबाई म्हणाल्या. दुसरी वाटीही त्यांनी चाटूनपुसून संपवली. मग गळ्यातल्या तुळशीच्या माळेवरून बोट फिरवत, भिंतीकडं बघत म्हणाल्या, "पुढल्या एकादशीला भागूबाई आन् भजनातल्या बायका फराळाला येत्यात आपल्याकडं. त्यान्ला बी ह्येच कर. अन् आवंदा दिवाळीचा निवद तूच कर गं. माझं हात आता दुखत्यात."

हात दुखत नव्हते. तेच हात सकाळी दोन बादल्या उचलून अंगणात शिंपडत होते. देवाचा नैवेद्य म्हणजे या घरातली मुक्ताबाईंची गादी होती, आणि ती त्यांनी दोन वाट्या थरथरीवर सुनेला देऊन टाकली. अश्विनीला भरून आलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याकडं तोंड करून जरा वेळ नुसतीच उभी राहिली.

संध्याकाळी उरलेली एक वाटी झाकून ती शेजारी रुमानाकडं गेली. रुमाना शिलाईचं काम करायची. एसटी डेपोच्या मागच्या आळीत दोघी एकाच वर्षी नांदायला आल्या होत्या, त्यामुळे एकीच्या घरात काही शिजलं की दुसरीच्या घरी वाटी जायचीच. रुमानानं मशीन थांबवलं, चमचा घेतला आणि वाटी हलवून बघितली.

"हे असं कशानं झालं गं?"

"पुडीनं. नगरच्या त्या केकच्या सामानाच्या दुकानातून आणली होती. चायना ग्रास मागितलं, तर म्हणाला संपलंय, हे घ्या, उलट मऊ होतं. जिलेटिन म्हणतात त्याला."

रुमानानं चमचा खाली ठेवला. अगदी अलगद ठेवला, पण ठेवला.

"राग मानू नको अश्विनी. आमच्यात नाही चालत ते. माझा दीर, आदिल, बेकरीत आहे ना, त्यानंच सांगितलंय. हाडाचं बनतं. हाडं, कातडी उकळून. कुठल्या जनावराचं, हलाल आहे का नाही, सुट्ट्या पुडीवर काय कळतं?"

"हाडाचं?"

"तुला माहीत नव्हतं?"

अश्विनीला माहीत नव्हतं. बिस्किटाचा पुडा घेतानासुद्धा ती हिरवा ठिपका बघायची. केकला अंडं लागतं म्हणून सहा वर्षं तिनं दह्यावर आणि सोड्यावर भागवलं होतं. अंड्याचं नाव घरात निघू दिलं नव्हतं. पण ती पुडी पारदर्शक पिशवीत होती, वर नुसती चिठ्ठी चिकटवलेली. हे कशाचं असतं, असं विचारावं हे मनात आलंसुद्धा होतं. पण पाथर्डीची गाडी लागली होती, निकिता हात ओढत होती, आणि साखरेसारखी दिसणारी पांढरट पूड कशाची असणार, साखरेच्याच भाऊबंदातली, असं ती धरून चालली.

घरी येऊन तिनं मोबाईलवर शोधलं. मोबाईलनं तिला बरं वाटेल असं एकही उत्तर दिलं नाही.

बाहेर ओसरीवर मुक्ताबाई निकिताला मांडीवर घेऊन हरिपाठ म्हणत होत्या. त्यांचा आवाज आज जरा चढा होता, खुशीतला. आत्ताच जाऊन सांगावं, असं अश्विनीनं ठरवलं. उंबऱ्यापर्यंत गेलीही. मुक्ताबाईंनी वर बघितलं, हसल्या, आणि हातानंच खुणावलं, बस इथं. अश्विनी बसली. हरिपाठ संपेपर्यंत बसली आणि मग भाजी निवडायला उठून गेली.

सांगायला अवघड का होतं, ते मुक्ताबाईंची माळ ज्यानं ओळखली नाही त्याला कळायचं नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी ती घातली, त्याला एकेचाळीस वर्षं झाली. त्यातले सात हंगाम त्यांनी ऊसतोडीला काढले होते. पाचटाच्या कोपीकोपीतून सुकटीचा, बोंबलाचा वास सुटायचा, आणि ही बाई दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर स्वतःच्या वेगळ्या तव्यावर भाकरी थापून ती मीठमिरचीबरोबर खायची. अश्विनीचा नवरा सुनील पोटात असताना अंगात रक्त नव्हतं. डॉक्टर म्हणाला, अंडी खा, नाहीतर पोराचं काही सांगता येत नाही. त्यांनी अंडी खाल्ली नाहीत; नाचणी, गूळ आणि शेवग्याचा पाला खाऊन पोर जन्माला घातलं. हे सगळं त्या फुशारकीनं कधी सांगत नसत. भागूबाई सांगायची. ऊसतोडीला दोघी जोडीनं गेलेल्या.

म्हणजे पोटच्या पोरासाठी जी माळ मोडली नव्हती, ती सुनेच्या कौतुकापायी मोडली होती. आणि मोडली हे जिची माळ तिलाच माहीत नव्हतं.

अश्विनीनं सुनीलला सांगितलं. सुनील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्याच्या मते जगातला कुठलाही बिघाड आवाज करेपर्यंत बिघाड नसतो.

"आईला काही त्रास झाला का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग? तू मुद्दाम केलं का? नाही. तिला कळलं तर ती काय करंल ते तुला ठाऊक हाय. अन्न सोडून बसंल. दिवाळीच्या तोंडावर कशाला? झाकून टाक. पुढच्या वेळी तुझं ते चायना का काय ते घाल, विषय संपला."

अश्विनीला हे पटलं नाही, पण सोयीचं वाटलं. न पटलेली पण सोयीची गोष्ट माणूस किती पटकन उचलतो, याचं तिला पुढचे पंधरा दिवस नवल वाटत राहिलं.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला मुक्ताबाईंनी देवाची पितळी ताटली स्वतः घासूनपुसून तिच्या हातात दिली आणि बाजूला सरून बसल्या. अश्विनीनं अनारसे केले, पुरण घातलं, गवार-भोपळ्याची भाजी बिनकांद्याची केली. सगळं जमलं. इतकं छान तिच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. नैवेद्यावर पाणी फिरवताना ती मधेच थांबली. मुक्ताबाईंना वाटलं, पहिल्यांदाच करते म्हणून.

"घाबरू नगं," त्या म्हणाल्या. "देवाला समदं कळतं."

हे वाक्य अश्विनीला तोंडात मारल्यासारखं लागलं.

पाडव्याला सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. पाडव्याला मुक्ताबाईंचा भाऊ आला होता. भाऊबीजेला ती स्वतः माहेरी. तिथून आल्यावर मुक्ताबाईंना जरा कणकण होती. कारणं तर काय, हात पुढे केला की मिळत होती. एकदा दुपारी तिनं रुमानाला म्हटलं, "तूच काहीतरी सांग ना, मी काय करू?"

रुमानानं सुई तोंडातून काढली. "मला रोज गल्लीत तुझ्या सासूबाई भेटतात. रोज विचारतात, रुमाना, बरी हाय का. मी खाली बघून हो म्हणते. मी काही केलं नाही, तरी मला चोरट्यासारखं होतं. सांगून टाक बाई. मला सांगून काय उपयोग?"

एकादशीच्या आदल्या दिवशी अश्विनीनं चायना ग्रास आणलं. या वेळी पाकीटबंद, वर हिरवा ठिपका. शेवाळापासून बनतं, हेही तिनं तीन ठिकाणी वाचून खात्री केली. कात्रीनं बारीक कापून पाण्यात उकळलं, दुधात गाळलं, दूध निवल्यावर गर घातला. भाजीबाजारात पदर खोचून शोधलेली हंगामातली शेवटची सीताफळं होती ती. करून बघायला म्हणून दोनच वाट्या लावल्या. घट्ट झाल्यावर एक उपडी केली. सुबक उतरली. पण ताटली हलवली, तर गोळा हलला नाही. खोबऱ्याच्या वडीसारखा गुमान बसून राहिला.

मुक्ताबाई ओट्यापाशीच वाटाणे सोलत होत्या. त्यांनी ताटली जवळ ओढली, एक चमचा खाल्ला.

"ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "पर ही ती न्हाई."

"तीच आहे आत्या."

"थरथरत कुठं हाय? त्या दिशी जिभंवर ठिवली की इरघळत हुती. ह्ये तर चावावं लागतं."

"दूध जरा जास्त आटलं असेल."

इतकं सहज खोटं. भाजीत मीठ टाकावं तसं. अश्विनी स्वतःच दचकली.

"दूध म्या बघितलं, तसंच हुतं," मुक्ताबाई म्हणाल्या. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला दुधाचं कारण सांगत होती ती. "तवा काय पूड घातलेलीस ती घाल की. न्हाई तर सुनीलला सांग, नगरच्या गाडीवाल्याकडून मागवून घिऊ. पाच जनी येत्यात उंद्या. भागूबाई इचारत हुती, बाहेरचं सामान घालून केल्यालं असंल तर आमाला नगं. म्या म्हनलं, आमच्या अश्विनीच्या हातचं हाय. डोळं झाकून खा."

पूड मिळत नाही, असं म्हणायचं अश्विनीनं ठरवलं होतं. वाक्य तयार होतं. पण डोळं झाकून खा, हे शब्द कानावर पडले आणि ते तयार वाक्य तिला म्हणवेना.

"आत्या, ती पूड हाडाची होती," ती म्हणाली.

मुक्ताबाईंच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

"कसली?"

"हाडाची. जनावराच्या. मला ठाऊक नव्हतं आत्या, देवाशपथ. चायना ग्रास नव्हतं म्हणून दुकानदारानं दिली. मी विचारलं नाही. नंतर कळलं."

मुक्ताबाईंचा हात गळ्याकडं गेला, माळेपाशी पोचला आणि तिला न शिवताच खाली आला. अश्विनीला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नंतर कवा?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कवा कळलं तुला?"

अश्विनीनं मान खाली घातली. "त्याच दिवशी. संध्याकाळी."

"म्हंजी पंधरा दिस," मुक्ताबाई म्हणाल्या. बोटांवर काही मोजल्यासारखं करत त्या पुढे बोलल्या, "मधी दिवाळी झाली. निवद झाला. रोजचा हरिपाठ झाला, तू बाजूला बसून ऐकला." मग त्यांनी सुनेकडं बघितलं. "पूड चुकून पडली गं. तुला ठावं नव्हतं, मलाबी ठावं नव्हतं. पर ह्ये पंधरा दिस काय चुकून न्हाई गेलं."

अश्विनीनं पाय धरले, तर मुक्ताबाईंनी हळूच पाय काढून घेतले. झिडकारून नाही. सोललेले वाटाणे त्यांनी पातेल्यात ओतले, हातपाय धुतले, देव्हाऱ्यापुढे बसून गळ्यातली माळ काढली आणि देवाच्या पायाशी ठेवली. एकेचाळीस वर्षांत अश्विनीनंच काय, सुनीलनंही ती मान उघडी बघितली नव्हती. माळेच्या जागी कातडीवर फिकट रेघ उमटली होती. त्या रेघेकडं बघून अश्विनीला रडू फुटलं. आत जाऊन ती तोंडात पदर कोंबून रडली.

संध्याकाळी सुनील म्हणाला, "सांगितलंस ना शेवटी? आता निस्तर." पण आईच्या समोर जायचं त्याचंही धाडस झालं नाही. त्यालाही माहीत होतं, पंधरा दिवसांत त्याचाही वाटा होता.

दुसऱ्या दिवशी पाच बायका आल्या. भागूबाईंची नजर पहिली गेली ती मैत्रिणीच्या मोकळ्या गळ्यावर. "अगं बया! माळ कुठाय?"

अश्विनी ताटल्या घेऊन दारात उभी होती. आता सगळ्या आळीत बोभाटा होणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

"माझ्या खान्यात चुकून आलं काईतरी," मुक्ताबाई म्हणाल्या. "आज निर्जळी करती. दुपारी महाराजांकडं जाऊन फिरून घालनार हाय."

"काय आलं? कुठं खाल्लंस?"

"आलं बया. संपलं. तुमी खावा. पोरीनं सकाळपास्नं केलंय. शेवाळाचं हाय त्यात, म्या पाकीट वाचून घेतलंय निकिताकडून."

पाच वर्षांच्या निकिताला अक्षरं कुठली येणार. तिला हिरवा ठिपका येत होता. मुक्ताबाईंनी तिला तेवढाच दाखवायला लावला होता.

बायकांनी घट्ट थरथरी आवडीनं खाल्ली, कृती विचारली. अश्विनीनं कृती सांगितली. नाव न घेता वाचवलेल्या माणसाला जे वाटतं, ते शिव्या खाल्लेल्या माणसाला वाटत नसेल. दुपारी मुक्ताबाई देवळात जाऊन माळ घालून आल्या. घरात पुन्हा सगळं आधीसारखं दिसू लागलं.

दिसू लागलं एवढंच. द्वादशीला उपास सोडायला अश्विनीनं ताट वाढलं आणि मुक्ताबाईंनी, घास मोडायच्या आधी, विचारलं, "यात काय घातलं?"

रागानं नाही. वरण जरा वाढ म्हणावं, तसं. अश्विनीनं सांगितलं, "मेथी, मुगाची डाळ, हिरवी मिरची, मीठ." मग त्या जेवल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. वांग्याला विचारलं, पिठल्याला विचारलं, साध्या ताकालासुद्धा विचारलं. सहा वर्षांत त्यांनी ताटात आलेल्या चीजला आणि पास्त्यालाही कधी प्रश्न विचारला नव्हता; आता त्या भाकरीलाही विचारत होत्या. नैवेद्याची पितळी ताटली न बोलता त्यांच्या हातात परत गेली. अश्विनीनं नवे पदार्थ करणं सोडलं. मोबाईलमधले केकचे, पुडिंगचे फोटो तिनं एका दुपारी बसून पुसले, तरी जीव हलका झाला नाही.

रोज दोन वेळा ती आपल्या हातच्या अन्नाची साक्ष देत होती. आधी तिला ती शिक्षा वाटली. मग तिच्या लक्षात आलं की सांगताना ती एकही जिन्नस गाळत नाही. चिमूटभर हिंगसुद्धा नाही. रुमानाला तिनं हे सांगितलं, तर रुमाना एवढंच म्हणाली, "विचारतात म्हणजे जेवतात तरी. जेवण तोडलं असतं तर?"

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी आली. अश्विनीनं पहाटे उठून भोगीची भाजी केली, तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापल्या, लोणी काढलं. निकिताला आणि सुनीलला वाढून झाल्यावर तिनं मुक्ताबाईंचं ताट समोर ठेवलं आणि सवयीनं थांबली.

मुक्ताबाईंनी ताट ओढलं, भाकरी मोडली, भाजीत बुडवली. घास वर उचलला. विचारलं काहीच नाही.

अश्विनी वाट बघत उभी राहिली. मग तिला राहवलं नाही.

"आत्या, वाल आहेत," ती म्हणाली. "घेवडा, गाजर, वांगी, हरभऱ्याचे घाटे, पावटा. चार बोरं, उसाची दोन कांडकी, शेंगदाण्याचा कूट, गूळ, गोडा मसाला, तो तुम्हीच कुटलेला. मीठ."

मुक्ताबाईंनी घास तसाच हातात धरला होता.

"म्या कुठं इचारलं?"

"नाही विचारलंत," अश्विनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "पण मला सांगू द्या."

मुक्ताबाईंनी भाजीकडं बघितलं, मग सुनेकडं.

"तीळ सांगायचं राह्यलं," त्या म्हणाल्या, आणि घास तोंडात घातला.

"हो आत्या," ती घाईघाईनं म्हणाली, "तीळ. तीळ पण आहेत."